एक डोळा झाका

मी जन्माची भित्री. पाल, विहीर, गणिताच्या बाई, शेगडी पेटताना होणारा भप्प आवाज, कशालाही भ्यायचे. "हिला सावलीची पण भीती वाटते," असं पप्पा पाहुण्यांसमोर सांगायचे आणि पाहुणे हसायचे. मीही हसायचे, कारण त्या भीतीत गंमत होती. पप्पांच्या मागे लपलं की ती संपायची. आठवीत असताना जी भीती घरात आली तिच्यापासून लपायला जागाच नव्हती. आता केस पिकले, आयुष्यात बरंच काही पाहून झालं, तरी ते वर्ष आठवलं की तळहाताला घाम येतो. लिहितानाही आलाय.

सातपूरला आमचं घर कारखान्यांच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर तुळस आणि पप्पांची मोटरसायकल. घरात शांतता कशी असते ते मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा, मग गाड्यांची रीघ लागायची आणि त्यानंतर मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये लोखंड घासायचं मशीन सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. पप्पा एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्यांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, कितीही धुतले तरी तो जात नसे, आणि मला तो वास आवडायचा. त्यांचं गाव दिंडोरीकडचं, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच राहिलं. आई शहरात वाढलेली. ती वणीच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पहाटे उठून भाकरी थापायची, तिघांचे डबे भरायची, डब्यात कोपऱ्यात भाजलेला नागलीचा पापड मोडून घालायची आणि स्कूटीला किक मारून निघून जायची. तो पापड दुपारपर्यंत सादळायचा. तरी आम्ही कुणी तिला कधी सांगितलं नाही.

साथीमुळे शाळा बंद होत्या त्या काळात शिक्षकांना घरून व्हिडिओ बनवायला सांगितलं होतं. बाकीचे शिक्षक फळ्यावर लिहीत बसायचे आणि निम्मा वेळ त्यांची पाठच दिसायची. आईला मात्र या कामात सूर सापडला. पण मागच्या शेडच्या कर्कश आवाजात रेकॉर्डिंग कसं करायचं? तिनं तोड काढली. घरातली सगळ्यात जाड गोधडी डोक्यावरून घ्यायची, आत मोबाईल धरायचा आणि बोलायचं. भर उन्हाळ्यात आई गोधडीत शिरून "नमस्कार बालमित्रांनो" म्हणायची, आणि बाहेर पप्पा आणि मी पोट धरून हसायचो. पुढे तिला एका मुलाचा आवाज हवा झाला तेव्हा मीही आत शिरले. ती विचारायची, "सात चोक?" मी ओरडायचे, "अठ्ठावीस!" गोधडीत तिच्या घामाचा, पावडरचा आणि लसणाचा वास कोंडलेला असायचा. मला वाटतं, त्या वयात मी जगात सगळ्यात सुखी कुठे असेन तर त्या गोधडीत. शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी आमचं गोधडीतलं दुकान बंद झालं नाही. आईच्या वर्गातली मुलं मला न बघताच "व्हिडिओतली ताई" म्हणायला लागली होती.

आईला साधं काही आवडत नसे. तिच्या रांगोळीत सात रंग आणि साडीला मोठे काठ, तसंच व्हिडिओचं. उत्तर बरोबर आलं की अक्षरं उड्या मारायची, चांदण्या फुटायच्या, ताशा वाजायचा. त्यातला कळस म्हणजे 'पाढ्यांची दिवाळी'. प्रत्येक उत्तराला एक फटाका, आणि फटाका फुटला की सगळा पडदा लाल-पांढरा, लाल-पांढरा असा भराभरा लखलखायचा. आईनं तो जुन्या लॅपटॉपवर कितीतरी संध्याकाळी खपून बनवला होता. पाठवण्याआधी आवाज नीट आलाय का ते बघायला एका रविवारी दुपारी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन गोधडीत शिरलो. आत गच्च काळोख आणि नाकासमोर तो पडदा. पहिला फटाका फुटला. दुसरा फुटला. माझा हात आपोआप हवेत उडाल्याचं आठवतं. त्यापुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी फरशीवर होते. शेजारच्या शिंदेकाकू माझ्या नाकाशी चप्पल धरून बसल्या होत्या आणि फोडलेल्या कांद्याचा वास येत होता. तोंडात रक्ताची चव होती. कपडे ओले झाले होते आणि ते कशानं ते कळल्यावर मला मरून जावंसं वाटलं. आई माझं डोकं मांडीवर घेऊन नुसती "प्राजू, प्राजू" म्हणत होती. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही. शिंदेकाकू गेल्यावर पप्पांनी दार लावून घेतलं. "कुणाला काय बोलायचं नाय," ते म्हणाले. "उपास होता, चक्कर आली म्हणायचं. पोरीची जात हाय. फेफरं म्हणून नाव पडलं तर जन्मभर पुसलं जाणार नाय." ते रागावले नव्हते. त्यांचे ओठ थरथरत होते, आणि पप्पांना घाबरलेलं पाहून माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

गंगापूर रोडवर एक डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे नेलं. डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडल्या आणि समोर एक दिवा उघडझाप करू लागला. मी किंचाळले तशी नर्सनं माझा हात धरला. तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून कपबशी, कंगवा असं काही पडतं का?" आई म्हणाली, "हो ना, भारी वेंधळी आहे." त्या म्हणाल्या, "वेंधळी नाही. हे त्यातलंच आहे." भराभरा लुकलुकणारा उजेड माझ्या मेंदूला सोसत नाही, असे लोक थोडे असतात पण असतात, आणि कित्येकांना पहिली फिट येईपर्यंत ते माहीतच नसतं, असं त्यांनी समजावलं. गोळी रोज घ्यायची, झोप मोडायची नाही. "आणि असा उजेड अचानक समोर आला तर डोळे मिटू नकोस, पापणीतूनही तो आत जातो. एक डोळा तळहातानं घट्ट झाकायचा आणि तोंड फिरवायचं." मग त्या आईकडे वळल्या. "फिट आली तेव्हा काय बघत होती ही?" आई पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मला वाटलं ती काहीतरी दुसरंच सांगेल. "माझा व्हिडिओ," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला गोधडीबंदी झाली. आई आत असली की मी ओट्यावर बसायचे. गोधडीच्या टाक्यांतून लाल उजेड झिरपताना दिसला की मी डोळ्यावर हात ठेवायचे, इतक्या लांबूनसुद्धा. भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. स्टार्टर बिघडलेली ट्यूबलाइट, मागच्या गल्लीतलं वेल्डिंग, गणपतीच्या मांडवातल्या माळा, बसच्या खिडकीतून झाडांमागे पळणारं ऊन, सगळं माझ्या वाईटावर टपलेलं वाटायचं. वर्गात हात जरा थरथरला तरी आता येणार, आता सगळ्यांसमोर मी पडणार, कपडे ओले होणार, असं वाटून मी दप्तर मांडीवर घेऊन बसायचे. फिट फार तर दोन-तीन मिनिटांची. तिची वाट बघणं मात्र दिवसभर चालायचं. मैत्रिणींना मी तुटक वाटायला लागले. त्यांना काय सांगणार?

एका संध्याकाळी आई कणीक मळत होती आणि मी शेंगा सोलत होते. मनात कितीतरी दिवस घोळत होतं ते मी बोलून टाकलं.

"आई, मग तुझ्या शाळेतली मुलं?"

"त्यांचं काय?"

"त्यांनाही दिवाळीचा व्हिडिओ दाखवतेस ना?"

"अगं, त्यांना काय झालंय?"

"मला पण आधी काही झालं नव्हतं."

आईचे हात कणकेत तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडून बसली आणि एकेका व्हिडिओतली लखलख काढायला लागली. 'पाढ्यांची दिवाळी' तिनं नव्यानं केली. आता त्यात फटाके नव्हते, आकडे पणतीसारखे हळूहळू उजळायचे. एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. काळ्यावर लाल अक्षरं मागच्या बाकावरच्या एका मुलाला दिसतच नाहीत, हे तिला त्यालाच विचारल्यावर कळलं. कुणाच्या घरच्या फोनचा स्पीकर गेलेला, त्याच्यासाठी बोलणं खाली लिहून यायला लागलं. कुणाला अजून वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी प्रत्येक आकडा ती तोंडानं सांगायला लागली. मला तर ती सारखी विचारायची, "हे चालेल? हे जास्त हलतंय का?" पुढे मी आयुष्यभर मुलांसाठी धडे बनवण्याचंच काम केलं, मोठमोठ्या बैठकांना बसले, पण सर्वांना सोसेल असं साहित्य कसं करायचं याचा पहिला वर्ग आमच्या स्वयंपाकघरात झाला.

अडचण एकच होती. जुना व्हिडिओ फिटचं कारण कळण्याआधीच आईनं ग्रुपवर पाठवला होता आणि तो कधीच हातातून निसटला होता. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत तो पार सुरगाणा-पेठच्या डोंगरातल्या शाळांपर्यंत पोचला होता. आईनं 'कृपया नवीन व्हिडिओ वापरावा' असं ग्रुपवर टाकलं, तर लोकांनी होकाराचे अंगठे टाकले आणि जुनाच वापरत राहिले, कारण धमाल त्यातच होती. कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागणार, आणि पप्पांनी तर दाराला कडी लावून बजावलेलं.

अशात पलीकडच्या गावात बाल आनंद मेळावा ठरला. आसपासच्या शाळांची मुलं तिथल्या समाजमंदिरात जमणार होती आणि आईचा व्हिडिओ पडद्यावर दाखवणार होते. 'व्हिडिओतल्या ताई'ला बघायचं म्हणून मुलांनी हट्ट धरला होता. पप्पा नको म्हणत होते. आई म्हणाली, "नवाच दाखवायचाय. मी आहे ना." सभागृहात पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. आत गेल्याबरोबर मला गोधडी आठवली. मी मुलांमध्ये पुढेच बसले. एका चिमुरडीनं माझी ओढणी हातात धरून ठेवली होती, सोडायलाच तयार नव्हती. आई माईकपाशी उभी होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून पाहिला, काढला, परत लावला. मग त्यांचा आवाज आला, "मॅडम, हा काही उघडेना. पण काळजी नको. दिवाळी माझ्या मोबाईलमध्ये आहे!"

"नको सर, तो नको," आई म्हणाली.

"अहो, लाजता काय!" सर म्हणाले, आणि पडदा उजळला.

"सात एके?" असा आईचा आवाज घुमला आणि माझाच आवाज ओरडला, "सात!" पहिला फटाका फुटला. सगळी भिंत लाल-पांढरी झाली. मी तळहात डोळ्यावर आपटला आणि तोंड फिरवलं, आणि मला मुलांचे चेहरे दिसले. लाल, पांढरे, लाल, पांढरे, सगळे तोंड उघडून, डोळे विस्फारून बघत होते. ओढणी धरलेली चिमुरडीसुद्धा. यातलं कोण माझ्यासारखं असेल? त्यालाही माहीत नसेल. मी उठून उभी राहिले. आवाज फुटेना, आणि फुटला तेव्हा तो इतका चिरका होता की माझाच मला वाटला नाही. "एक डोळा झाका! हातानं! सगळ्यांनी!" मुलांना वाटलं खेळच आहे. ताई सांगतेय म्हटल्यावर पुढच्या रांगेनं पटापट हात डोळ्यांवर ठेवले. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग माईकमधून तिचा वर्गातला आवाज आला, "सगळ्यांनी एक डोळा घट्ट झाका, दुसऱ्यानं माझ्याकडे बघा, पडद्याकडे नाही!" आणि बोलता बोलता तिनं पुढे होऊन प्रोजेक्टरची वायर ओढून काढली.

काळोख झाला. कुणीतरी सतरंज्या बाजूला सारल्या. सर चिडून काही बोलणार तोच आई माईकवर म्हणाली, "या व्हिडिओनं माझ्या मुलीला फिट आली होती. हीच माझी मुलगी. व्हिडिओ मी बनवला होता. चूक माझी आहे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलांना हात काढा असं कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे सगळं सभागृह एकेका डोळ्यानं माझ्याकडे बघत होतं. सर मंचावरून खाली उतरून हळूच म्हणाले, "मॅडम, इतक्या मुलांनी पाहिलाय हा. कुणाला काही झालेलं नाही." आईनं पेनड्राइव्ह उचलला आणि माझा हात धरून ती बाहेर पडली. परत येताना स्कूटीवर मी तिला गच्च धरून बसले होते. ती रडत होती ते मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

घरी पोचेपर्यंत बातमी पप्पांपर्यंत गेली होती. मला सगळ्यात जास्त धास्ती त्यांचीच होती. ते ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, माझ्या कपाळाला हात लावला. "आली का?" "नाही." "पोरांपैकी कुणाला?" "नाही." "मग हातपाय धुवा," एवढंच म्हणाले. आई मोबाईल घेऊन बसली आणि सगळ्या ग्रुपवर टाकायला निरोप लिहू लागली. 'काही तांत्रिक कारणामुळे जुना व्हिडिओ वापरू नये.' पप्पांनी तिच्या खांद्यावरून वाचलं.

"असं लिवलं तर कोण काढील?" ते म्हणाले. "खरं काय ते लिव."

"प्राजूचं नाव?"

पप्पा माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ पुन्हा थरथरत होते. "नाव तुझं हाय बाळा. तू सांग."

मला सांगायला आवडलं असतं की मी धीटपणे हो म्हणाले. उद्या शाळेत काय होईल, शिंदेकाकू काय म्हणतील, लग्नाचं काय, असलं सगळं एका दमात डोक्यातून गेलं. पण ओढणी धरून बसलेली ती मुलगीही डोळ्यांपुढून हलत नव्हती. "लिही," मी म्हणाले. आईनं लिहिलं. माझं नाव, मला काय झालं, कशानं झालं, फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि हा व्हिडिओ आधी पुसून टाकायचा. मग आम्ही वरण-भात वाढून घेतला.

फोन वाजला. सुरगाण्याकडच्या एका शाळेतल्या बाई होत्या, तरुण वाटत होत्या. आईनं स्पीकर लावला. त्या नुसत्या रडत होत्या. "मॅडम, आमच्या वर्गात एका मुलीच्या अंगात आलं होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. वणीच्या गडावरची देवी आली असं सगळे म्हणाले. मीसुद्धा नारळ फोडला, मॅडम. तेव्हा तुमचा दिवाळीचाच व्हिडिओ चालू होता." आईनं विचारलं, "आता कशी आहे ती?" त्या सांगू लागल्या. "व्हिडिओ लावला की देवी येते, असं तिच्या घरच्यांच्या ध्यानात आलं. ते दर मंगळवारी तिला पाटावर बसवतात, ओटी भरतात आणि मोबाईल समोर ठेवतात. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक कौल मागायला येतात. त्यांच्याकडे फोन लागत नाही, मॅडम. उद्या मंगळवार आहे."

उजाडायच्या आत आम्ही तिघं निघालो, पप्पा पुढे मोटरसायकलवर आणि आम्ही दोघी मागे स्कूटीवर. घाटात थंडी झोंबत होती. त्या रस्त्यावर मी जितकी घाबरले तितकी ना आधी घाबरले होते ना नंतर, आणि त्या भीतीत मी स्वतः कुठेच नव्हते. त्या बाई वेशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी वाटेतूनच बोटानं त्या मुलीचं घर दाखवलं. ती माझ्याहून लहान होती. अंगणात उभी राहून राखुंडीनं दात घासत होती, आणि अनोळखी माणसं बघून काळ्या तोंडानं हसली. पाट अजून मांडला नव्हता. तिला धडधाकट पाहून मी तिथेच रस्त्यात खाली बसले आणि मोठ्यानं रडले.